भूगोल कोणासाठी?

डोंगर, नद्या, राजधान्या, मुख्य पिके आणि मुख्य बंदरे यांची यादी म्हणजे भूगोल, ही समजूत शाळेत एकदा मनावर ठसली की सहसा पुसली जात नाही. परीक्षेपुरते पाठ करावयाचे आणि परीक्षा संपताच विसरावयाचे, असा हा विषय आहे असे विद्यार्थी मानतात, आणि पुष्कळदा शिक्षकही त्याहून वेगळे मानीत नाहीत. परंतु नकाशा ही काही निरागस वस्तू नव्हे. तो कोणी काढला, कोणाच्या पैशाने काढला आणि कोणत्या कामासाठी काढला, असे विचारू लागताच त्याच्या रेषांमागे सैन्याच्या वाटा, महसुलाच्या वह्या आणि वसाहतींच्या सीमा दिसू लागतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकित्सक भूगोल या नावाने हा प्रश्न विद्यापीठांत प्रतिष्ठा पावला. त्याच्या कितीतरी आधी एका माणसाने तो विचारला होता, आणि तोही फ्रान्समधील एका तुरुंगात बसून. हा माणूस जन्माने रशियाचा राजपुत्र, पेशाने काही काळ झारच्या सैन्यातील अधिकारी, आशिया खंडाच्या पर्वतरचनेचा संशोधक आणि अराज्यवादाचा प्रवक्ता होता. त्याचे नाव पीटर क्रोपोटकिन.

बाराशे भूदासांचे घर

क्रोपोटकिनचा जन्म १८४२ साली मॉस्कोत झाला. घराणे रूरिकच्या वंशातले, म्हणजे गादीवरच्या रोमानोव्ह घराण्याहूनही जुने. वडील लष्करी पेशातले जमीनदार. त्यांच्या मालकीचे सुमारे बाराशे भूदास होते, आणि ही मोजदाद केवळ पुरुषांची. बायकामुले हिशेबात धरण्याची रीतच नव्हती. जमीन किती यापेक्षा माणसे किती, यावर त्या काळच्या रशियात श्रीमंती मोजली जाई. आई क्षयाने गेली तेव्हा पीटर चार वर्षांचाही नव्हता. पोरक्या झालेल्या मुलांना माया मिळाली ती घरातील नोकरचाकरांकडून, म्हणजे त्याच भूदासांकडून. मालकाच्या मर्जीने त्यांची लग्ने लागत, क्षुल्लक चुकीसाठी त्यांना फटके बसत, आणि एखाद्याला सैन्यात धाडले म्हणजे तो घराला कायमचा अंतरे. हे सर्व त्या मुलाने उघड्या डोळ्यांनी पाहिले. वयाच्या बाराव्या वर्षी त्याने आपल्या नावामागे राजपुत्र ही पदवी लावणे सोडून दिले.

१८५७ साली त्याला सेंट पीटर्सबर्ग येथील दरबारी कुमारांच्या लष्करी विद्यालयात घालण्यात आले. वर्गात पहिला येणारा विद्यार्थी झारचा खास परिचारक होत असे. हा मान १८६१ साली क्रोपोटकिनला मिळाला. त्याच वर्षी दुसऱ्या अलेक्झांडरने भूदासांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. मुक्तिदाता झार तरुण क्रोपोटकिनला प्रथम देवासमान वाटला; पण दरबार जवळून पाहिल्यावर तो भ्रम टिकला नाही. मुक्त झालेल्या शेतकऱ्याला स्वातंत्र्य मिळाले, परंतु त्याला मिळालेल्या जमिनीची किंमत एकोणपन्नास वर्षांच्या हप्त्यांनी फेडावयाची होती. मालकाच्या जागी सावकार बसावा आणि तो सावकार खुद्द सरकारच असावे, असा हा व्यवहार होता.

सैबेरियाचे धडे

१८६२ साली शिक्षण संपले तेव्हा हवी ती पलटण निवडण्याची मोकळीक त्याला होती. सोबती राजधानीतील मानाच्या पलटणींकडे धावले. क्रोपोटकिनने आमूर नदीकाठच्या कोसॅक पलटणीचे नाव सांगितले, तेव्हा सर्वांनी त्याला वेड्यात काढले. सैबेरियात सुधारणेला वाव आहे, अशी त्याची समजूत होती. चिता येथे तुरुंग, हद्दपारी आणि नगरपालिका यांच्या सुधारणेचे आराखडे त्याने कष्टाने तयार केले. ते राजधानीकडे गेले आणि तेथील कपाटांत पडून राहिले. वरून हुकूम सोडून समाज सुधारत नाही, हा पहिला धडा त्याला येथे मिळाला. दुसरा धडा त्याहून मोलाचा होता. आमूरच्या काठी वसलेल्या दुखोबोर या धर्मपंथाच्या लोकांनी सरकारी मदतीवाचून, एकमेकांच्या हाताने, सुखाने नांदणारी गावे उभी केलेली त्याने पाहिली.

१८६४ साली त्याने व्यापाऱ्याच्या वेषात मांचुरियाच्या उत्तर भागात प्रवास केला आणि मोठी खिंगन पर्वतरांग ओलांडली. १८६६ साली लेना नदीकडील सोन्याच्या खाणींपासून चितापर्यंत गुरे नेता येतील असा मार्ग शोधण्याची कामगिरी त्याच्याकडे आली. आधीच्या मोहिमा येथे अयशस्वी ठरल्या होत्या. एका तुंगूस माणसाने झाडाच्या सालीवर सुरीने कोरून दिलेला एक लहानसा नकाशा क्रोपोटकिनच्या हाती आला. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या माणसाला आपला प्रदेश ठाऊक आहे, असा विश्वास धरून तो निघाला आणि मार्ग सापडला. सुशिक्षितांचे ज्ञान तेवढे खरे आणि रानातल्या माणसाला कळते ते काही नव्हे, ही त्या काळच्या विद्वत्तेची समजूत त्याच्या मनातून तेव्हाच गेली असली पाहिजे.

त्याच वर्षी बैकल सरोवराजवळ रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या पोलिश कैद्यांनी उठाव केला आणि तो चिरडण्यात आला. कैद्यांवर गोळ्या चालविणाऱ्या सैन्यात राहावयाचे नाही, असे ठरवून पीटर आणि त्याचा थोरला भाऊ अलेक्झांडर या दोघांनीही पलटण सोडली. १८६७ साली क्रोपोटकिन सेंट पीटर्सबर्ग येथे परतला. विद्यापीठात गणिताचा अभ्यास आणि रशियन भूगोल संस्थेचे काम, असा दुहेरी उद्योग त्याने सुरू केला.

या काळातील त्याचे मुख्य काम म्हणजे उत्तर व पूर्व आशियाच्या पर्वतरचनेचा उलगडा. जुन्या नकाशांत तेथील डोंगर पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा कल्पित रेषांवर बसविलेले होते. प्रवाशांच्या शेकडो नोंदींतून उंचीचे आकडे काढून, ते जुळवून पाहण्यात त्याने दोनएक वर्षे घालविली. अखेर त्याला दिसून आले की मुख्य रांगा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे धावतात. स्पिट्सबर्गन आणि नोवाया झेमल्या यांच्या उत्तरेस अज्ञात भूमी असली पाहिजे, असेही उत्तर ध्रुवीय मोहिमेसंबंधीच्या एका अहवालात त्याने मांडले होते. १८७३ साली एका ऑस्ट्रियन मोहिमेला फ्रान्झ जोसेफ लँड हा द्वीपसमूह आढळला आणि तो तर्क खरा ठरला.

एक नाकारलेले पद

१८७१ साली हिमयुगाच्या खुणा तपासण्यासाठी तो फिनलंडमध्ये हिंडत असताना भूगोल संस्थेची तार आली. संस्थेचे चिटणीसपद त्याला देऊ केले होते. कोणाही तरुण संशोधकाने आनंदाने स्वीकारावे असे ते पद. त्याची स्वतःची इच्छाही तीच होती. त्याने नकार कळविला.

या नकारामागचा विचार समजून घेण्याजोगा आहे. दगडधोंड्यांची जमीन फोडून कशीबशी भाकरी मिळविणारे शेतकरी त्याच्या भोवती होते. कोणत्या मातीत काय पिकेल, कोणते यंत्र वापरावे, हे त्यांना सांगता आले असते. पण यंत्र घेण्यास पैसा नाही, जमिनीवर हक्क नाही आणि पुस्तक वाचण्यास फुरसत नाही, अशा माणसाला भूगोलाचा ग्रंथ काय कामाचा? शोध लावण्याचा आनंद आपल्या वाट्याला येतो तो याच माणसाच्या कष्टावर, आणि त्याला मात्र त्या आनंदाचा गंधही नाही, ही विषमता त्याला सहन होईना. विज्ञान वाईट आहे असे त्याला वाटले नाही. ते मूठभरांपुरते राहिले आहे, हे त्याचे दुःख होते.

१८७२ साली तो स्वित्झर्लंडला गेला. ज्यूरा पर्वतातील घड्याळे बनविणारे कारागीर त्याला तेथे भेटले. घरी बसून, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या डोक्याने काम करणारी ही माणसे सभेत कोणा पुढाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसत नसत. त्यांच्यात काही दिवस राहिल्यावर क्रोपोटकिन अराज्यवादी झाला. अराज्यवाद म्हणजे अंदाधुंदी, असा अर्थ वर्तमानपत्री भाषेत रूढ झाला आहे. क्रोपोटकिनच्या लेखी त्याचा अर्थ उलट होता: माणसांनी आपले व्यवहार सक्तीवाचून, आपखुशीच्या करारांनी आणि संघांनी चालवावेत, म्हणजे दंडशक्तीची गरज उरणार नाही.

रशियात परतल्यावर तो एका गुप्त मंडळात सामील झाला. दिवसा भूगोल संस्थेत काम आणि रात्री शेतकऱ्याच्या वेषात, बोरोदिन या नावाने, विणकरांपुढे व्याख्याने, असा क्रम दोन वर्षे चालला. मार्च १८७४ मध्ये त्याने हिमयुगावरचा आपला निबंध संस्थेपुढे वाचला. उत्तर युरोप एके काळी प्रचंड हिमथरांखाली होता, असे त्याचे प्रतिपादन होते. सभा होऊन एक-दोन दिवस लोटतात तोच त्याला अटक झाली.

तुरुंगातील लेखणी

पीटर आणि पॉल किल्ल्याच्या अंधाऱ्या कोठडीत त्याने प्रकृती टिकविण्यासाठी रोज सात वर्स्ट, म्हणजे सुमारे साडेसात किलोमीटर, येरझारा घालण्याचा नियम केला. भावाने आणि विद्वानांनी खटपट केल्यावर हिमयुगावरचा ग्रंथ पुरा करण्यासाठी त्याला लेखणी मिळाली, पण सूर्यास्तापर्यंतच. त्या किल्ल्यात हिवाळ्यातला सूर्यास्त दुपारीच होई. ही खटपट करणाऱ्या अलेक्झांडरलाही पुढे पकडून सैबेरियात धाडण्यात आले. १८८६ साली त्याने तेथेच आत्महत्या केली. क्रोपोटकिनच्या आयुष्यातील ही जखम कधीच भरून आली नाही.

प्रकृती ढासळल्यामुळे त्याला लष्करी रुग्णालयात हलविण्यात आले. १८७६ च्या उन्हाळ्यात, समोरच्या घरातून वाजणाऱ्या व्हायोलिनच्या खुणेवर, पहारेकऱ्याला चुकवून तो पळाला आणि दाराशी उभ्या असलेल्या गाडीतून निसटला. पोलीस शहर धुंडाळीत असता ती संध्याकाळ त्याने एका नामांकित उपाहारगृहात काढली, कारण तेथे कोणी शोधणार नाही अशी मित्रांची अटकळ होती. इंग्लंडमध्ये तो टोपणनावाने नियतकालिकांसाठी लिहू लागला. ‘नेचर’ या साप्ताहिकाच्या जॉन स्कॉट केल्टी या संपादकीय सहकाऱ्याने परीक्षणासाठी काही रशियन ग्रंथ त्याच्या हाती ठेवले. पाहतो तो ते त्याचेच! अखेर त्याने खरी ओळख सांगितली.

पुढे स्वित्झर्लंडमध्ये त्याने १८७९ साली एक वृत्तपत्र काढले. याच काळात एलिझे रेक्ल्यू या फ्रेंच भूगोलवेत्त्याशी त्याचा स्नेह जडला. पॅरिस कम्यूनमध्ये भाग घेतल्याबद्दल हद्दपारी भोगणारा रेक्ल्यू तेव्हा जगाच्या भूगोलाचा एकोणीस खंडांचा ग्रंथ लिहीत होता. सैबेरियावरील खंडाला क्रोपोटकिनने साहाय्य केले. १८८१ साली झारचा खून झाल्यावर स्वित्झर्लंडने क्रोपोटकिनला बाहेर काढले. फ्रान्सने त्याला १८८२ च्या अखेरीस पकडले आणि लिआँ येथील खटल्यात पाच वर्षांची शिक्षा दिली. क्लेअरव्हो येथील तुरुंगात तो सहकैद्यांना भूमिती आणि पदार्थविज्ञान शिकवीत असे.

याच तुरुंगातून त्याने भूगोलाविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. इंग्लंडमधील शाळांत भूगोलाचे शिक्षण फार मागासलेले आहे, अशी चौकशी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने केली होती. चौकशी करणारा गृहस्थ तोच केल्टी. साम्राज्याला कुशल कारभारी हवे होते आणि व्यापाऱ्यांना बाजारपेठा हव्या होत्या. चर्चेचा रोख साहजिकच तिकडे होता. डिसेंबर १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात क्रोपोटकिनने वेगळाच विचार मांडला. राष्ट्राराष्ट्रांतील द्वेष पोसण्यात ज्यांचा फायदा आहे ते सर्वत्र जागरूक आहेत. तेव्हा सर्व देशांची माणसे रोजच्या कष्टात आणि सुखदुःखात एकमेकांसारखीच आहेत, हे मुलांना लहानपणीच पटविणे हे भूगोलाचे पहिले कार्य होय. ज्यांना रानटी म्हणून हिणविले जाते त्यांच्या चालीरीतींचा आदराने अभ्यास करावा, वसाहतींतील लूट आणि कत्तल यांवर पांघरूण घालू नये, आणि हे सारे पाठांतराने नव्हे तर शेतात, डोंगरात हिंडून, स्वतः मोजमाप करून शिकावे, असे त्याचे सांगणे होते. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १८८६ मध्ये, त्याची सुटका झाली.

सहकार्याचे शास्त्र

यानंतरची तीसएक वर्षे इंग्लंडमध्ये गेली. उपजीविका लेखनावर, आणि तीही बहुतांशी भूगोलावरील लेखनावर. १८८८ साली हक्सले या जीवशास्त्रज्ञाने जीवनकलहावर निबंध लिहिला आणि निसर्गाला मल्लांच्या आखाड्याचे रूप दिले. सैबेरियातील कडाक्याच्या थंडीत क्रोपोटकिनने पाहिले होते ते निराळे होते. तेथे एकाच जातीच्या प्राण्यांची झुंज अभावानेच दिसे. जगत ते एकमेकांना धरून राहणारे. १८९० पासून त्याने लेखमाला लिहिली, तिचेच १९०२ साली ‘म्युच्युअल एड’ हे पुस्तक झाले. स्पर्धा नाहीच असे तो म्हणत नाही. उत्क्रांतीत सहकार्याचा वाटाही तितकाच मोठा आहे, एवढेच तो दाखवितो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याचे महत्त्वाचे पुस्तक शेती, कारखाने आणि कर्मशाळा यांविषयीचे. एक देश कापड विणील आणि दुसरा कापूस पिकवील, ही श्रमविभागणी निसर्गसिद्ध व कायमची आहे, असे तेव्हाचे अर्थशास्त्र शिकवीत असे. क्रोपोटकिनने आकडे मांडून दाखविले की उद्योग एका देशात कोंडून राहत नाहीत. त्याच्या उदाहरणांत हिंदुस्थानातील कापड आणि ताग यांच्या गिरण्याही आहेत. पॅरिसभोवतीच्या भाजीमळ्यांत थोड्या जमिनीतून केवढे पीक निघते, हेही त्याने तपशिलाने नोंदले. शेती आणि उद्योग, हाताचे काम आणि बुद्धीचे काम यांची ताटातूट करू नये, हा त्याचा निष्कर्ष. खेड्यांच्या स्वावलंबनाची चर्चा महाराष्ट्राने पुष्कळ ऐकली आहे. तिच्याशी या विवेचनाचे नाते सहज ध्यानात यावे. प्रत्यक्ष दुवाही आहे. क्रोपोटकिनचा स्नेही पॅट्रिक गेडिस हा १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक होता, आणि डॉ. गो. स. घुर्ये यांना उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात त्याचाच पुढाकार होता.

अर्थात हे विवेचन निर्दोष नाही. हजारो गावांचे उत्पादन आणि गरजा यांचा मेळ किंमतींवाचून आणि सत्तेवाचून कसा बसावयाचा, याचे उत्तर क्रोपोटकिन बहुधा माणसाच्या चांगुलपणावर सोपवितो. मोठ्या यंत्रोद्योगाने होणारी काटकसरही त्याने कमी लेखली. १९०४ साली मध्य आशिया सतत कोरडा होत चालला आहे, असा सिद्धान्त त्याने लंडनच्या भूगोल पत्रिकेत मांडला. हवामान एकाच दिशेने न जाता हेलकावे खाते, असे पुढील संशोधनाने दाखविले. तरी त्याच पत्रिकेत त्याच वर्षी आणखी काय छापले गेले, हे पाहण्यासारखे आहे. मॅकिंडरचा मध्य युरेशियाच्या वर्चस्वाविषयीचा निबंध त्याच वर्षातला. एकाच भूमीकडे पाहणाऱ्या दोघा भूगोलज्ञांपैकी एकाला दिसली साम्राज्यांची किल्ली आणि दुसऱ्याला पाण्यावाचून स्थलांतर करणारी माणसे.

शेवटचा प्रवास

१९१४ चे महायुद्ध सुरू झाले तेव्हा राष्ट्रद्वेषाविरुद्ध आयुष्यभर लिहिणाऱ्या या माणसाने दोस्त राष्ट्रांची बाजू घेतली. जर्मन लष्करशाहीचा विजय म्हणजे युरोपच्या स्वातंत्र्याचा अंत, असे त्याला वाटले. मालातेस्तासारखे जुने सहकारी दुरावले. या भूमिकेचे समर्थन करणे कठीण आहे. सत्ताधाऱ्यांच्या युद्धात एक बाजू निवडली की स्वतःच्याच तत्त्वाला मुरड घालावी लागते, हे त्याच्यासारख्यालाही चुकविता आले नाही.

१९१७ च्या उन्हाळ्यात, चाळीस वर्षांनी, तो रशियात परतला. केरेन्स्कीने देऊ केलेले मंत्रिपद त्याने नाकारले. बोल्शेविकांनी सत्ता हाती घेतल्यावर तो मॉस्कोच्या उत्तरेकडील द्मित्रोव या लहान गावी राहू लागला. स्थानिक सहकारी मंडळी आणि वस्तुसंग्रहालय यांच्या कामात लक्ष घालावे, भोवतालच्या हिमयुगीन थरांचा अभ्यास करावा आणि नीतिशास्त्रावरचा ग्रंथ लिहावा, असा दिनक्रम होता. १९१९ साली तो लेनिनला भेटला आणि सहकारी संस्थांची बाजू मांडून आला. १९२० च्या मार्चमध्ये त्याने लेनिनला द्मित्रोवच्या टपाल कर्मचाऱ्यांच्या उपासमारीविषयी लिहिले, आणि डिसेंबरमध्ये राजकीय विरोधकांना ओलीस ठेवण्याच्या पद्धतीचा निषेध केला. क्रांतीच्या नावाने मध्ययुग परत आणू नका, असा त्या पत्राचा आशय होता. ८ फेब्रुवारी १९२१ रोजी तो वारला. अंत्ययात्रेसाठी काही अराज्यवादी कैद्यांना एका दिवसापुरते सोडण्यात आले. काळे झेंडे घेतलेली ती प्रचंड मिरवणूक सोव्हिएत राजवटीतील त्या विचाराचे अखेरचे मोठे जाहीर दर्शन ठरले.

पुढे सुमारे अर्धशतक भूगोलाच्या वर्गात त्याचे नाव फारसे निघत नव्हते. १९६९ साली अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात ‘अँटिपोड’ हे चिकित्सक भूगोलाचे नियतकालिक निघाले, आणि त्या मंडळींनी क्रोपोटकिन व रेक्ल्यू यांना पुन्हा वाचावयास घेतले. फ्रान्समध्ये हान्री लफेव्र या तत्त्वज्ञाने १९७४ साली असे मांडले की अवकाश हा रिकामा पेटारा नसून समाजच तो घडवीत असतो. १९७६ साली ईव्ह लाकोस्तने भूगोल प्रथम युद्धाच्या उपयोगी पडतो असे ठणकावले, आणि त्याच्या नियतकालिकाने मिशेल फूकोला ज्ञान, सत्ता आणि भूमी यांविषयी प्रश्न विचारले. ही भाषा अवघड आहे आणि तिचे पारिभाषिक शब्द सामान्य वाचकाला दूर ठेवतात. क्रोपोटकिनने तोच प्रश्न गावच्या शिक्षकाला समजेल अशा शब्दांत विचारला होता.

त्याचे उत्तर मान्य करावे असे नाही. राज्यसंस्थेवाचून समाज चालेल, हे कित्येकांना कधीच पटणार नाही. पण नकाशा कोणी काढला आणि त्यातून कोण वगळले गेले, हे विचारण्यासाठी अराज्यवादी व्हावे लागत नाही. धरणाच्या नकाशात बुडणारी गावे आणि शहराच्या विकास आराखड्यात झोपड्या कोठे दाखविल्या आहेत, एवढे जरी एखाद्या वर्गात शिक्षकाने मुलांना शोधावयास सांगितले, तरी क्लेअरव्होच्या कोठडीत लिहिलेल्या त्या निबंधाचे पुष्कळसे काम झाले असे म्हणता येईल.